गुरुवारी सकाळी अकरा वाजता

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्मृतिभ्रंशासाठी कोल्हापूरला नेण्याची दुसरी खेप ही शेवटची ठरली. पहाटे साडेचारला गाडी काढली होती. साखरपा सोडून आंबा घाटाला लागलो आणि आप्पांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नंबर लागायला पाच तास गेले. त्या पाच तासांत ते सोळा वेळा उठले, दोनदा दुसऱ्याच्या चपला घालून बाहेर निघाले, आणि एकदा माझ्याकडे बघून आईला म्हणाले, "ह्या बाई कोण? आपल्याबरोबर का फिरतायत?" डॉक्टरांसमोर मात्र ताठ बसले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. आठ मिनिटांत आम्ही बाहेर. रात्री घरी पोचलो तर त्यांना आपलंच घर ओळखू येईना. ओटीवर उभे राहून "इथं नाय उतरायचं, पुढचा स्टॉप आपला" असं म्हणत राहिले. घडी बसायला चार दिवस लागले.

आईनं त्या रात्री मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "परत नाय न्यायचं त्यांना, बाय. औषध नसलं तरी चालेल."

मी डोंबिवलीला असते, नोकरी करते. आई-आप्पा देवरूखपासून आत असलेल्या आमच्या वाडीत. आप्पा एसटीत कंडक्टर होते, २००४ साली निवृत्त झाले. त्यांच्या काळात तिकिटांचा ट्रे आणि पंच. मशीन नंतर आलं. हिशेबात इतके पक्के की रात्री वे-बिल भरताना चार आणे कमी पडले तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्याच माणसाला २०२२च्या पावसाळ्यात दुकानदाराला पन्नास द्यायचे की पाचशे हे कळेनासं झालं. वाडीत लोक म्हणाले, वय झालं, म्हातारचळ लागला. हा शब्द मला अजूनही सहन होत नाही. चळ कसला? मेंदूच्या पेशी मरतायत, तो आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभर माणसांत सातांहून जास्त जणांना स्मृतिभ्रंश असल्याचं आढळलं. देशभरात मिळून अठ्ठ्याऐंशी लाख माणसं. म्हणजे आमच्या वाडीतही आप्पा एकटे नसणार. बाकीच्यांना कोणी दाखवलेलं नाही एवढंच.

पुढे आम्ही आप्पांचे उपचार फोनवरून सुरू केले, पण एक गोष्ट आधीच सांगते. पहिली तपासणी समोरासमोरच व्हायला हवी आणि आमची तशी झाली. मेंदूचा एमआरआय, थायरॉइड, बी-१२, साखर, ईसीजी यातलं काही फोनवर होत नाही. आप्पांचं बी-१२ अगदी खाली गेलेलं होतं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. थायरॉइडनं किंवा बी-१२ कमी झाल्यानंही माणूस विसरायला लागतो आणि तो भाग बराचसा भरून येऊ शकतो, म्हणून ते आधी बघतात. एमआरआयमध्ये मेंदू आक्रसलेला दिसला आणि जागोजागी बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या खुणाही दिसल्या. अल्झायमर आणि रक्तपुरवठ्याचा दोष, दोन्ही मिळून, असं निदान झालं. पहिली कोल्हापूरची खेप त्यासाठी आवश्यकच होती. प्रश्न पुढच्या दर दोन-तीन महिन्यांचा होता.

मी आधी मोबाइलवरून डॉक्टरांशी जोडून देणाऱ्या एका कंपनीकडे गेले. नाव लिहीत नाही. पैसे भरले, डॉक्टर सात मिनिटं बोलले. आप्पांना संध्याकाळी त्रास होतो एवढं ऐकल्यावर त्यांनी शांत करणारी गोळी लिहून दिली. आधी काय औषधं चालू आहेत, लघवीला नीट होते का, चालताना तोल जातो का, काहीही विचारलं नाही. ती गोळी आणली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी नोंदणी करणारा मुलगा म्हणाला, पेशंटनं स्वतः बोलून संमती दिल्याशिवाय कॉल जोडता येणार नाही. आप्पा तेव्हा फोनच्या मागच्या बाजूला कोणी बसलंय का ते बघत होते. संमती कसली देणार?

नंतर मला कळलं की तो मुलगा चुकत होता. केंद्र सरकारनं २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. पेशंट स्वतः बोलण्याच्या स्थितीत नसेल तर त्याची काळजी घेणाऱ्याला त्याच्या वतीनं डॉक्टरांशी बोलता येतं हे त्यात स्वच्छ लिहिलंय, आणि उदाहरण म्हणून स्मृतिभ्रंशाचंच नाव दिलंय. कोणती औषधं पहिल्याच भेटीत लिहिता येतात, कोणत्यांसाठी व्हिडिओवर बघणं आवश्यक आहे आणि कोणती अशा सल्ल्यावर मुळीच लिहायची नाहीत याच्याही याद्या त्यात आहेत. हे कागद मी प्रिंट काढून घरात ठेवलेत. पुढे देवरूखातल्या एका मेडिकलवाल्यानं "फोनवरची चिठ्ठी चालत नाही" म्हणून परत पाठवलं, तेव्हा चुलतभाऊ ते पान आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी घेऊन पुन्हा गेला. औषध मिळालं.

वाट दाखवली ती आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडमनी. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि त्यांच्याकडे ई-संजीवनी ही सरकारी सेवा असते. त्या आपल्या संगणकावरून वरच्या डॉक्टरांना जोडून देतात, शेजारी पेशंट बसलेला असतो. आम्ही तिथून दोनदा डॉक्टरांशी बोललो. रक्तदाबाची गोळी बदलली ती तिथेच. मॅडमनी आप्पांच्या कानात बघितलं तर दोन्ही कान मळानं बंद. ते काढल्यावर आप्पा निम्म्या गोष्टींना उत्तरं द्यायला लागले. वर्षभर आम्ही समजत होतो की त्यांना कळत नाही. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

स्मृतिभ्रंशासाठी मात्र पुण्याच्या एक डॉक्टर मिळाल्या, वृद्धांच्या मानसिक आजारांवर काम करणाऱ्या. महिन्यातून एक गुरुवार, सकाळी अकरा वाजता. गेली अडीच वर्षं आमचं तसं चाललंय.

अकराच का, याला कारण आहे. दुपारी चारनंतर आप्पा वेगळे असतात. सकाळी देवपूजा, न्याहारी झाली, ऊन ओटीवर आलं की त्यांचं डोकं सगळ्यांत निवांत. पहिल्या भेटीआधी डॉक्टरांच्या मदतनीस मुलीनं मला अर्धा तास नुसती तयारी सांगितली. ती इथे लिहिते, कारण हे कोणी सांगत नाही. खिडकी पाठीमागे ठेवू नका, चेहरा काळा दिसतो. फोन हातात धरू नका, माणूस फोनकडेच बघत राहतो. आमचा फोन तांदळाच्या डब्याला टेकून पाटावर उभा असतो. कानात इअरफोन घालू नका. कानातून आवाज आला की आधीच गोंधळलेला माणूस घाबरतो. आम्ही छोटा स्पीकर घेतला आणि फोनच्या मागे ठेवला, म्हणजे आवाज चेहऱ्याच्याच दिशेनं येतो. आपलं स्वतःचं चित्र कोपऱ्यात दिसतं ते झाकून टाका. हे मला आधी पटलं नव्हतं. पण पहिल्याच कॉलला आप्पा म्हणाले, "तो म्हातारा मघापासून माझ्याकडे बघतोय, त्याला जागा द्या बसायला." त्या दिवसापासून त्या कोपऱ्यावर चिकटपट्टी असते.

आणि रेंज. आमच्याकडे घरात रेंज नाही, ओटीच्या उजव्या खांबाशी आहे. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही जातो. म्हणून दर वेळी ठरलेलं असतं की चित्र अडकलं तर लगेच साधा फोन करायचा, पुन्हा पुन्हा जोडत बसायचं नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आधी आप्पांना नमस्कार केला आणि विचारलं, "आप्पा, तुमच्या मुलीशी तुमच्या तब्येतीबद्दल बोलले तर चालेल ना?" इतक्या डॉक्टरांत हा प्रश्न आप्पांना कोणी विचारला नव्हता. कायद्यानं गरज असो नसो, त्यांनी विचारलं. आप्पा जरा विचार करून म्हणाले, "बोला, बोला. घरचीच आहे." त्या दिवशी मी घरची होते.

मग त्या म्हणाल्या, "घरात असतील नसतील तेवढी औषधं एका पिशवीत घालून आणा आणि पाटावर ओता." मला वाटलं आम्ही पाच गोळ्या खातो त्या दाखवू. आईनं कपाटातून, देव्हाऱ्याच्या खणातून, फ्रिजवरच्या डब्यातून मिळून सव्वीस पाकिटं आणली. एकेक पट्टी फोनसमोर धरायची, नाव दिसेपर्यंत हलवायची नाही. एका पट्टीवर थांबल्या. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या अंगाला खाज सुटली होती तेव्हा दुकानातून आणलेली गोळी, क्लोरफेनिरामाइन. खाज कधीच गेली होती, गोळी रोज रात्री चालूच होती, कारण तिनं झोप लागते असा आईचा अनुभव. डॉक्टरांनी समजावलं ते असं: आठवणीसाठी मेंदूत जे रसायन लागतं ते आप्पांचं आधीच कमी पडतंय. आपण डोनेपेझिल देतो ते त्या रसायनाचा साठा टिकावा म्हणून. आणि ही खाजेची गोळी त्याच रसायनाचं काम अडवते. सकाळी विहिरीत पाणी ओतायचं आणि रात्री उपसायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. कोल्हापूरला आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलो होतो. ह्या गोळीला चिठ्ठीच नव्हती. घरातलं कपाट दवाखान्यात नेता येत नाही. फोन कपाटापर्यंत गेला म्हणून ती सापडली.

त्याच भेटीत आप्पांना खळ्यात चालवलं. फोन पायरीवर ठेवला. तुळशीपर्यंत जा, वळा, परत या. वळताना किती पावलं लागतात ते त्या मोजत होत्या. खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं. मग स्मरणाची चाचणी. मला आधीच बजावलं होतं की उत्तर सुचवायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, मान हलवायची नाही. हे फार अवघड आहे. बाप समोर अडखळतोय आणि आपण गप्प बसायचं. तारीख विचारली, सांगता आली नाही. वर्ष चुकलं. डॉक्टरांनी थांबून विचारलं, "बरं, तिथी कोणती?" आप्पा म्हणाले, "काल एकादशी झाली की हो." बरोबर होतं. द्वादशी होती.

तीन शब्द दिले: आंबा, घंटा, चप्पल. ते आठवायला सांगण्याआधी मध्ये वेळ घालवायचा असतो. डॉक्टरांना मी आप्पांच्या नोकरीचं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं, "देवरूखहून रत्नागिरीला जायचंय, कुठून कुठून जाते गाडी?" आप्पांची पाठ सरळ झाली. साडवली, संगमेश्वर, बावनदी, निवळी, हातखंबा. मधले सगळे थांबे, कुठे चहाला किती मिनिटं, निवळीला कोणत्या गाडीची माणसं उतरून आपल्याकडे येतात, सगळं. अर्धं तिकीट कोणाला, सामानाला किती. डॉक्टर मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आप्पा, मघाचे तीन शब्द?" आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कसले शब्द?"

आई उठून आत गेली.

त्या भेटीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र आप्पा नसताना घडली. डॉक्टर म्हणाल्या, आता मला आईंशी एकटीशी बोलायचंय, आप्पांना ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी. आई चुलतभावाच्या पडवीत जाऊन बसली. मी डोंबिवलीहून त्याच कॉलवर होते, तर डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही पण थोडा वेळ बाहेर पडाल का?" मला राग आला. पंधरा मिनिटांनी पुन्हा जोडलं तेव्हा आईचे डोळे लाल होते. आईच्या परवानगीनं डॉक्टरांनी मला सांगितलं की गेल्या दोन महिन्यांत आप्पांनी तिला तीनदा मारलं होतं. एकदा कमरेच्या पट्ट्यानं. मी दर रविवारी फोन करत होते. दर रविवारी ती म्हणत होती, "सगळं बरं आहे." आपल्या नवऱ्याचं असं मुलीला सांगणं तिला जमत नव्हतं. आणि दवाखान्यात, ते शेजारी बसलेले असताना, तर शक्यच नव्हतं. समोरासमोरच्या दोन्ही खेपांत आई एक शब्दही बोलली नव्हती. तिला कोणी बाजूला घेतलंच नव्हतं.

माझं ह्याबाबत ठाम मत आहे. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटला बघणाऱ्या कोणत्याही डॉक्टरनं, फोनवर असो की खोलीत, घरच्या माणसाशी वेगळं बोललंच पाहिजे. फोनवर हे सोपं आहे, दुसऱ्या घरी जाऊन बसता येतं. तरी बहुतेक ठिकाणी ते होत नाही.

मारायचे कधी, तर संध्याकाळी. साडेपाचच्या सुमारास आप्पांना ड्यूटीवर जायचं असायचं. वस्तीची गाडी घेऊन जायची, उशीर झालाय, पिशवी कुठाय. आई म्हणायची, "अहो, रिटायर होऊन वीस वर्षं झाली तुम्हाला." आणि तिथून पेटायचं. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहिली नाही. म्हणाल्या, आहेत औषधं, पण ह्या वयात, ह्या आजारात त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. दुसरं काही चाललं नाही, कोणाच्या जिवाला धोका वाटला, तरच वापरायची आणि तीही थोड्या दिवसांसाठी. आधी मला संध्याकाळ बघू दे. सकाळच्या भेटीत त्यांना ती दिसणार नव्हती, म्हणून चुलतभावानं अर्ध्या मिनिटाचे दोन व्हिडिओ काढून पाठवले.

ह्या व्हिडिओंनी मला खूप त्रास झाला. माझे वडील लेंगा सुटलेल्या अवस्थेत दाराशी झगडतायत आणि आपण ते टिपतोय. आम्ही घरात नियम केला: व्हिडिओ फक्त डॉक्टरांना, कुटुंबाच्या ग्रुपवर कधीही नाही, आणि त्यांनी बघितला म्हटलं की फोनमधून पुसायचा. पण त्या अर्ध्या मिनिटात त्यांना जे दिसलं ते आम्हाला दोन वर्षं दिसलं नव्हतं. दिवा लागलेला नव्हता, ओटीवर अंधारून आलेलं, आणि आई दारात आडवी उभी होती. "आई दारात उभ्या राहतात तेव्हा आप्पांना कोणीतरी अडवतंय एवढंच कळतं," त्या म्हणाल्या. साडेचारलाच दिवे लावा. चहा साडेपाचच्या आधी द्या. आणि ड्यूटी नाही असं सांगू नका.

"मग काय सांगू?" आईनं विचारलं.

"तुम्हीच सांगा, गाडी लेट झाली तर ते पूर्वी काय करायचे?"

आईला लगेच सुचलं. दुसऱ्या संध्याकाळी आप्पा उठले तशी ती आतूनच म्हणाली, "अहो, कंट्रोलरांचा निरोप आलाय, गाडी लेट आहे. तवर चिल्लर मोजून घ्या म्हणतायत." आणि एका पितळी डब्यात सुटी नाणी घालून समोर ठेवली. आप्पा बसले. एक-एकची, दोन-दोनची, पाचाची चवड लावत गेले. सात वाजता म्हणाले, "आज गाडी रद्द झालेली दिसते." जेवले, झोपले. मला खोटं बोलण्याचं वाईट वाटत होतं. आईला मुळीच वाटलं नाही. ती म्हणाली, "चाळीस वर्षं त्यांची गाडी लेट असायची आणि मी जेवण धरून बसायचे. आता ते बसतायत." सगळ्या संध्याकाळी अशा जात नाहीत. पण त्या महिन्यानंतर आप्पांनी तिच्यावर हात उचललेला नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये मात्र एका रात्रीत सगळं उलटं झालं. आईचा पहाटे फोन आला: रात्रभर झोपले नाहीत, भिंतीवर माणसं दिसतायत, मला ओळखत नाहीत, मध्येच ग्लानीत जातायत. मला वाटलं आजार पुढच्या टप्प्यात गेला. गुरुवार नव्हता, तरी डॉक्टरांनी अर्ध्या तासात फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य मला पाठ आहे: "स्मृतिभ्रंश एका रात्रीत वाढत नाही. दुसरं काहीतरी झालंय, ते शोधायचं." मग एकापाठोपाठ प्रश्न. ताप आहे का? पडले का? शौचाला कधी झालं? लघवीला कधी झाली? आई म्हणाली, काल दुपारपासून थेंब थेंबच होतेय. नवीन काही गोळी दिलीत? नाही. कसलीच? तेव्हा आईला आठवलं, तीन दिवसांपूर्वी पावसात भिजून सर्दी झाली होती, वाण्याकडून सर्दीची गोळी आणलीय. पट्टी दाखवा. फोनसमोर धरली. सर्दीच्या त्या गोळीत जी दोन-तीन द्रव्यं होती त्यांत एक तेच होतं, क्लोरफेनिरामाइन. आम्ही खाजेची गोळी फेकून दिली होती. ती दुसऱ्या नावानं, दुसऱ्या रंगात घरात परत आली होती. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अशा गोळ्यांनी अडते.

पण पोटात लघवी तुंबलीय की नाही हे पुण्यातून कोणाला कळणार? तिथे हातच लागतो. सीएचओ मॅडम पावसात छत्री घेऊन चालत आल्या. त्यांनी बेंबीखाली हात ठेवला, टिचक्या मारून बघितलं आणि फोनवर डॉक्टरांना सांगितलं, मूत्राशय पूर्ण भरलंय. तासाभरात आप्पा देवरूखच्या ग्रामीण रुग्णालयात होते. नळी घातली तेव्हा लिटरभर लघवी निघाली. तपासणीत जंतूही सापडले. प्रतिजैविकं झाली, आणि आठव्या दिवशी आप्पांनी आईला विचारलं, "आज भाकरी नाय केलीस?" भिंतीवरची माणसं गेली होती. मी जर त्या पहाटे "वाढलाच आजार" म्हणून गप्प बसले असते, किंवा सात मिनिटवाल्यांनी दिली तशी शांत करणारी गोळी घातली असती, तर काय झालं असतं हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. आता आमच्या कपाटाच्या दारावर आतून कागद लावलाय. त्यावर चुलतभावानं मोठ्या अक्षरात लिहिलंय: सर्दी, खाज, झोप, उलटी, कशाचीही गोळी, आधी फोटो पाठवायचा.

फोनवरच्या उपचारात आणखी एक माप आम्ही घरीच घेतो. डोनेपेझिल पाचावरून दहा मिलिग्रॅमवर नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की ह्यानं हृदयाचे ठोके मंदावू शकतात. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर पडून होतं, त्यावर ठोकेही दिसतात. आई रोज सकाळी आप्पांच्या बोटाला ते लावते आणि खालचा आकडा वहीत लिहिते. तिसऱ्या आठवड्यात चौपन्न, एकावन्न, अठ्ठेचाळीस असं उतरत गेलं आणि आप्पा उठताना खांब धरायला लागले. गुरुवारची वाट न बघता फोटो पाठवला. डोस पुन्हा पाचावर आणला, उपकेंद्रातून पाठवून ईसीजी काढून घेतला. आई चौथी शिकलेली आहे. तिच्या वहीत आता तारीख, ठोके, झोप, शौच, जेवण असे पाच रकाने आहेत, आणि पुण्याच्या डॉक्टर कॉल सुरू झाला की आधी "आई, वही" असं म्हणतात.

मी ह्यात कुठे आहे, असं मला पुष्कळदा वाटतं. मी चिठ्ठ्या जपते, पैसे भरते, वेळ ठरवते, रजा टाकून दीड महिन्यातून एकदा गावी जाते. रात्री दोनला जागं राहणारी आई आहे. एकदा अशाच एका रात्री मी १४४१६ला फोन केला, तो टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक, चोवीस तास असतो. मराठी बोलणारी मुलगी होती. मी आप्पांबद्दल विचारायला फोन केला होता आणि वीस मिनिटं आईबद्दल बोलले. तिनं विचारलं, "आईंना आठवड्यातून किती तास सुट्टी मिळते?" मला उत्तर देता आलं नाही, कारण शून्य होतं. त्यानंतर आम्ही वाडीतल्या एका ताईंना मंगळवार आणि शनिवार, दुपारी दोन ते सहा लावलं. कोल्हापूरच्या एका खेपेला गाडीभाडं साडेचार हजार जायचं; तेच पैसे तिकडे वळवले. मंगळवारी आई मार्लेश्वराच्या गाडीला हात करून बहिणीकडे जाते.

आजार पुढे सरकतोय. हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि कधी लपवलं नाही. ह्या वर्षी संगमेश्वरपर्यंतचे थांबे आप्पांना येतात, पुढे बावनदीला येऊन थांबतात. डॉक्टरांना ते आता "कंट्रोलर साहेब" म्हणतात, बाई असूनही, आणि त्या "बोला आप्पा" म्हणून उत्तर देतात. गेल्या महिन्यात चाचणी घेतलीच नाही. म्हणाल्या, त्यात आता नवीन काही कळणार नाही, त्यांना उगाच कमीपणा वाटेल.

त्याऐवजी दुसरंच सांगितलंय. आईच्या वहीत गेल्या पंधरा दिवसांत चारदा "पाणी पिताना ठसका" असं आलंय. ह्या आजारात गिळण्याचे स्नायूही विसरतात, आणि पाणी श्वासनलिकेत गेलं की छातीत संसर्ग होतो. म्हणून येत्या गुरुवारी त्यांना आप्पांना खाता-पिताना बघायचंय: आधी चमच्यानं पाणी, मग पेला, मग चहात बुडवलेलं बिस्किट, मग कोरडं बिस्किट. मान किती खाली जाते ते दिसायला हवं, म्हणून फोन बाजूनं लावायचाय, समोरून नाही. गळ्याशी बंद कॉलरचा शर्ट नको.

आईनं ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा आणून ठेवलाय. काल रात्री फोनवर विचारत होती की पेला स्टीलचा चालेल की काचेचा लागेल, म्हणजे पाणी किती प्यायले ते डॉक्टरांना दिसेल. काचेचा लागेल, मी म्हटलं. घरात काचेचा पेला नाही. आज चुलतभाऊ देवरूखहून आणणार आहे.